घरातलं पहिलं कॉलेज

मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांच्या सत्काराची सभा मुंबईत भरली, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं. ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत मजल गेली आणि वडील सुभेदार रामजी यांच्याकडचे पैसे संपले. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, घरात पुस्तकं होती, मुलाच्या अभ्यासावर त्यांची करडी नजर होती. पण पुढचं दार उघडलं ते घराबाहेरच्या माणसाने. केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, भेट घडवली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्या पैशांवर भीमराव बी.ए. झाले.

आंबेडकरांसारख्या बुद्धीच्या विद्यार्थ्यालाही, कोणाकडे जायचं हे जाणणारा माणूस लागला. मग गावाकडच्या साध्या, मेहनती, साठ-पासष्ट टक्के मिळवणाऱ्या मुलीला तो लागणार नाही का? या प्रकरणाचा विषय तोच आहे. पहिल्या पिढीचा विद्यार्थी बहुतेक वेळा अभ्यासात अडण्याआधी माहितीत अडतो. आणि तो माहितीत अडला, तरी लोक म्हणतात, ‘झेपलं नाही त्याला.’

घरी बसल्या मिळणारं शहाणपण

पहिल्या पिढीचा विद्यार्थी म्हणजे ज्याचे आई-वडील दोघंही पदवीपर्यंत पोचलेले नाहीत असा. ते निरक्षर असतील असं नाही. वडील दहावी झालेले, आई सातवीपर्यंत शिकलेली, घरात वर्तमानपत्र येतं, असंही ते घर असू शकतं. पण कॉलेज आतून कसं चालतं, हे त्या घरातल्या कुणी पाहिलेलं नसतं.

शिकलेल्या घरातल्या मुलाला काय काय फुकट मिळतं, याची यादी कुणी करत नाही. ‘पहिल्याच आठवड्यात लायब्ररीचं कार्ड काढ.’ ‘अमुक विषय घेऊ नकोस, पुढे त्याचा उपयोग नाही.’ ‘सरांना जाऊन भेट, ते काही खात नाहीत.’ ‘एका विषयात राहिलास म्हणून वर्ष जात नाही.’ जेवताना, गाडीतून जाताना, मामाच्या घरी गप्पा मारताना ही वाक्यं कानावर पडत राहतात. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू आणि जाँ-क्लोद पासरों यांनी १९६४ साली विद्यार्थ्यांवर लिहिलेल्या पुस्तकाचं नावच ‘वारसदार’ अशा अर्थाचं होतं. त्यांचं म्हणणं असं की घरातून वारशाने आलेली भाषा, सवयी आणि आत्मविश्वास यांना विद्यापीठ गुणवत्ता समजून गुण देतं. पुढे बोर्द्यूंनी याला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हटलं आणि तो शब्द जगभर रूढ झाला.

सरकारी व्यवस्थेला हा फरक नेहमी दिसतोच असं नाही. आपल्याकडे सवलती जात, उत्पन्न, अपंगत्व यांच्या आधाराने मिळतात आणि त्या हव्यातच. घरात आधी कुणी पदवीधर आहे का, हा वेगळा प्रश्न तमिळनाडूने विचारला. तिथे २०१०-११ पासून घरातल्या पहिल्या पदवीधराला व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते आणि त्यासाठी महसूल खातं ‘पहिला पदवीधर’ असा दाखलाही देतं.

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत नोंदणीचं प्रमाण २८.४ टक्के होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५ पर्यंत ते ५० टक्क्यांवर न्यायचं ठरवलं आहे. शिकलेल्या घरांतली मुलं तर आधीपासूनच कॉलेजात आहेत. म्हणजे ही वाढ व्हायची असेल, तर ती मुख्यतः पहिल्या पिढीतूनच व्हावी लागेल. यापुढे वर्गात अपवाद म्हणून नव्हे, तर मोठ्या संख्येने बसणार आहे तो हाच विद्यार्थी.

आजोबांच्या शाळेचा उतारा

अडथळ्यांची सुरुवात वर्ग भरण्याच्या आधी, दाखल्यांपासून होते. शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आधारला जोडलेलं बँक खातं. बारावीचा निकाल लागला की ‘आपले सरकार’ केंद्रापुढे रांग लागते, सर्व्हर बंद पडतो आणि प्रवेशाची तारीख जवळ येते. ज्या घरात मोठ्या भावंडाने हे सगळं केलेलं असतं, त्या घरात ही कागदपत्रं अकरावीतच फाइलला लागलेली असतात.

यातला सर्वांत अवघड कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतं. त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागतात : अनुसूचित जातींसाठी १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७. सर्वांत चांगला पुरावा कोणता? आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा. ज्या घरातले आजोबा शाळेत गेले, त्यांच्या नातवाचं काम सोपं. ज्यांना शाळेची पायरी चढू दिली नाही किंवा चढता आली नाही, त्यांच्या नातवाने जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि महसुली कागद धुंडाळायचे. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कुणाकडे वैधता असेल, तर पुढच्याचा मार्ग पुष्कळ सुकर होतो. म्हणजे शिक्षण न मिळाल्याची भरपाई म्हणून जी सवलत आहे, ती मिळवायलाही घरात आधी कुणीतरी शिकलेलं असावं लागतं! ही पडताळणी खोट्या दाखल्यांना आळा घालण्यासाठी आहे आणि तो हेतू रास्तच आहे. पण तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

मग केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया येते. ऑप्शन फॉर्ममध्ये कॉलेजांचा क्रम कसा लावायचा, यावर पुढची चार वर्षं ठरतात. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते. नंतर विचार बदलून चालत नाही. हा नियम माहितीपुस्तिकेत छापलेला असतो, पण ती पुस्तिका इंग्रजीत आणि भली जाडजूड. त्यामुळे अनेक फॉर्म नेट कॅफेवाल्याच्या सल्ल्याने भरले जातात. तो बिचारा मदतच करत असतो. पण एका मुलाच्या आयुष्यातला एवढा मोठा निर्णय घेणं हे त्याचं काम नव्हे.

तारीख किती निर्दय असू शकते, हे २०२४ साली देशाने पाहिलं. उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. १७,५०० रुपये २४ जूनच्या संध्याकाळी ५ पर्यंत ऑनलाइन भरायचे होते. पैसे जमेपर्यंत घड्याळ पुढे गेलं आणि जागा हातची गेली. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० सप्टेंबरला न्यायालयाने घटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालचा अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. त्याला न्याय मिळाला. पण इतकी धडपड न करता ‘नशिबात नव्हतं’ म्हणून कामाला लागणारे किती असतील!

अमेरिकेतले संशोधक बेन कॅसलमन आणि लिंडसे पेज यांनी याच टप्प्याचा अभ्यास केला. कॉलेजात प्रवेश निश्चित झालेली मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे गळतात, हे त्यांनी शोधलं. कुणी एखादा अर्ज भरला नव्हता, कुणाची एखादी तारीख हुकली होती. विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर वेळेवर पाठवलेल्या साध्या संदेशांनीही काही ठिकाणी फरक पडला. आपल्याकडे हे काम एखादं कनिष्ठ महाविद्यालयही करू शकेल.

कुणी न शिकवलेला अभ्यासक्रम

प्रवेश झाला. आता पहिलं सेमिस्टर. शाळेत बाई विचारायच्या, ‘गृहपाठ का नाही केला?’ इथे कुणीच विचारत नाही. गैरहजर राहिलं तरी कुणी घरी फोन करत नाही. मग सेमिस्टरच्या शेवटी हजेरी कमी असलेल्यांची यादी लागते आणि तीत आपलं नाव असतं. जर्नल तपासून घ्यायचं असतं, त्यावर तारखेसह सही लागते, टर्म वर्कला गुण असतात, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा सबमिशन दोन दिवसांवर आलेलं असतं.

अँथनी अब्राहम जॅक या समाजशास्त्रज्ञाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठातल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास मांडला आहे. प्राध्यापक सत्राच्या सुरुवातीला आपल्या भेटीची वेळ सांगत. पण त्या वेळेत नेमकं करायचं काय, हे सांगत नसत. श्रीमंत घरची मुलं जाऊन गप्पा मारत, शंका विचारत, पुढे शिफारसपत्रं मिळवत. गरीब घरची मुलं समजत की अडचण आल्याशिवाय सरांना त्रास देऊ नये. आपल्याकडेही स्टाफरूमच्या दारात उभं राहून ‘आत येऊ का सर?’ म्हणायला कित्येकांना वर्ष जातं. लहानपणापासून मोठ्यांपुढे कमी बोलायला शिकलेल्या मुलाचा हा संकोच म्हणजे संस्कारच असतो. कॉलेजात मात्र तोच संस्कार ‘रस नाही’ म्हणून वाचला जातो.

एटीकेटीचं उदाहरण घ्या. काही विषयांत नापास होऊनही ठरावीक मर्यादेत पुढच्या वर्षात जाता येतं आणि ते विषय नंतर सोडवता येतात. ज्याच्या घरात कुणी इंजिनिअर आहे, तिथे पहिल्या केटीवर ‘होतं असं, सोडव पुढच्या खेपेला’ एवढंच बोललं जातं. पहिल्या पिढीच्या घरात नापास म्हणजे नापास. वडील म्हणतात, ‘खर्च करून उपयोग काय?’ आणि मुलगी असेल तर पुढचं वाक्य लग्नाचं असतं. नियम दोघांनाही एकच. त्याचा अर्थ सांगणारं माणूस मात्र एकाच्याच घरात.

नव्या धोरणाने निवडी वाढवल्या आहेत. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट, अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीनला पदवी, चारला ऑनर्स असे बाहेर पडायचे टप्पेही आहेत. ही लवचीकता चांगली आहे. आजारपणाने वा पैशाने अडलेल्याचं वर्ष त्यामुळे फुकट जाणार नाही. पण निवडी वाढल्या की माहितीचं मोलही वाढतं. कोणता मायनर घेतला तर पुढे कुठे जाता येतं, हे पहिल्याच आठवड्यात सांगणारं कुणी नसेल, तर विद्यार्थी शेजारच्याने घेतला तो विषय घेतो. आणि बाहेर पडायचं दार सर्वांना खुलं असलं, तरी त्यातून पहिल्यांदा कोण बाहेर पडेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

इंग्रजी, एसटी आणि मेस

मराठी माध्यमातून आलेला मुलगा पहिल्या महिन्यात गप्प होतो. त्याला विषय कळत नाही असं नसतं. ‘वेग’ आणि ‘त्वरण’ यांतला फरक त्याने दहावीत नीट समजून घेतलेला असतो. पण समोर ‘अ‍ॅक्सिलरेशन’ आलं की आधी शब्द ओळखायचा, मग अर्थ लावायचा, तोवर सर फळा पुसून पुढे गेलेले असतात. प्रश्न मनात तयार असतो, पण तो इंग्रजीत जुळवेपर्यंत वेळ निघून जाते. २०२१-२२ पासून तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. त्याने दार किलकिलं झालं आहे. पण आजच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल तो साधा उपाय : पहिले काही आठवडे मराठी आणि इंग्रजी पारिभाषिक शब्द शेजारी शेजारी लिहून शिकवणं आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हसू न देणं.

पैशांचं गणितही कॉलेजात बदलतं. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पुढे सवलतीचा असला तरी पैसे मोजावे लागतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. हा फार मोठा दिलासा आहे. पण खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं, जर्नल, लॅपटॉप हा खर्च त्यात येत नाही. त्यासाठी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम् योजना आहे, इतर काही घटकांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अडचण अशी की मेसवाला पैसे महिन्याच्या महिन्याला मागतो आणि शिष्यवृत्ती तिच्या वेळेने येते. मधल्या काळात उधारी, पार्टटाइम काम किंवा घरी परत जाणं, एवढेच पर्याय उरतात.

घराचंही एक ओझं असतं. सोयाबीन काढायला माणूस नाही म्हणून दोन दिवस ये, असा फोन ऐन परीक्षेच्या आधी येतो. आई-वडिलांचं चुकत नाही. दोन दिवसांनी काय बिघडतं हे त्यांना ठाऊक नसतं. मुलाला ठाऊक असतं आणि समजावता येत नाही.

जात आणि आडनाव

या विषयात जात बाजूला ठेवून बोलणं हा अप्रामाणिकपणा ठरेल. वर्गात आडनाव विचारलं जातं, मग गाव, मग सीईटीचे गुण. कुणाचा प्रवेश कोणत्या प्रवर्गातून झाला, हे त्यातून काढलं जातं. दिल्लीच्या एम्समधल्या दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या तक्रारींवर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २००७ साली अहवाल दिला आणि देशातल्या अव्वल संस्थेतल्या भेदभावाची सरकारी पातळीवर नोंद झाली. ‘आपण इथले नाही’ असं ज्याला रोज जाणवून दिलं जातं, तो मदत मागायला पुढे येत नाही, कारण मदत मागणं म्हणजे तसं जाणवून देणाऱ्यांचं म्हणणं खरं करणं, असं त्याला वाटतं.

याबाबतीत एक प्रयोग आशा देणारा आहे. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली तो प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांसमोर वरच्या वर्गातली मुलं सुमारे तासभर बोलली. एका गटापुढे त्यांनी आपल्या घरची पार्श्वभूमी सांगून, त्यामुळे कोणत्या अडचणी आल्या आणि त्या कशा सोडवल्या, हे सांगितलं. दुसऱ्या गटापुढे पार्श्वभूमीचा उल्लेख न करता नुसता सल्ला दिला. वर्षअखेरीस पहिल्या गटात, पहिल्या पिढीचे विद्यार्थी आणि इतर यांच्या गुणांतली तफावत ६३ टक्क्यांनी कमी झाली होती. त्या मुलांनी प्राध्यापकांची मदतही जास्त घेतली होती. एक तास आणि काही मोकळी बोलणारी मुलं, एवढाच त्याचा खर्च.

वसतिगृह काढणाऱ्यांना कळलेली गोष्ट

महाराष्ट्राला यातलं बरंच काही शंभर वर्षांपूर्वी समजलेलं होतं. पुण्यात वार लावून जेवणारा गरीब ब्राह्मण विद्यार्थी हा आपल्या चरित्रग्रंथांतला नेहमीचा प्रसंग. तो विद्यार्थी खरोखर गरीब होता. पण सात वारांना सात घरं त्याला जेवू घालत आणि त्या घरांत कुणी वकील, कुणी मास्तर, कुणी कारकून असे. अन्नाबरोबर ओळखी मिळत, सल्ला मिळे. कुणब्याच्या किंवा महाराच्या मुलाला त्या शहरात असे सात उंबरे नव्हते.

शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात राजाराम कॉलेजासाठी सर्व जातींना खुलं वसतिगृह काढून पाहिलं. काही वर्षांत तिथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. दार उघडं ठेवलं म्हणून सगळे आत येतात असं नाही, हा धडा घेऊन त्यांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. मागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य अशा समाजांसाठी वसतिगृहं उभी राहिली. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत बसवली. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडलं. ‘कमवा आणि शिका’ ही तिथली रीत होती. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले; १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेज उभं करताना त्या परिसरात वसतिगृहांनाही जागा दिली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी सुरू केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आजही ग्रामीण मुला-मुलींना राहायला जागा आणि पाठीशी माणसं देते.

या सगळ्यांनी खाटा आणि भाकरी पुरवल्या, हे वरवरचं वर्णन झालं. तिथे मोठी मुलं लहानांना फॉर्म भरायला शिकवत, रेक्टर परीक्षेच्या तारखा लक्षात ठेवत, घरून बोलावणं आलं तर वडिलांना पत्र लिहून समजावत. घर जे देऊ शकत नव्हतं, ते वसतिगृह देत होतं. आज प्रवेश एका पोर्टलवर होतो, शिष्यवृत्ती दुसऱ्या पोर्टलवर येते. मात्र या सगळ्यात विद्यार्थ्याला ओळखणारं माणूस कुठेच नसतं.

हे माणूस पुन्हा आणणं महागडं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ च्या ‘दीक्षारंभ’ मार्गदर्शिकेत नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताचा कार्यक्रम सुचवला आहे. कॉलेजांनी तो हारतुरे आणि भाषणं यांत उरकू नये. हजेरी, केटी, क्रेडिट, शिष्यवृत्तीच्या तारखा हे मराठीत, वरच्या वर्गातल्या पहिल्या पिढीच्या मुलांकडून सांगवावं. पालकांना एकदा बोलावून केटी म्हणजे काय, परीक्षेच्या काळात मुलाला घरी का बोलावू नये, हे समजावावं. प्रत्येक प्राध्यापकाने नव्या वर्गाला पहिल्या दिवशी सांगावं : मी अमुक वेळेला स्टाफरूममध्ये असतो, शंका नसली तरी या.

आणि तुम्ही पहिल्या पिढीचे विद्यार्थी असाल, तर तीन गोष्टी करा. दाखल्यांची फाइल अकरावीतच तयार करा. पहिल्या महिन्यात वरच्या वर्गातला एक विद्यार्थी आणि एक प्राध्यापक ओळखीचा करून घ्या. नापास झालात तर घरी सांगण्याआधी कॉलेज कार्यालयात जाऊन नियम विचारा. तुम्ही शिकलेल्या घरातले असाल, तर तुमच्या गल्लीत, कामवाल्या मावशींच्या घरात, गावच्या भावकीत यंदा बारावी झालेलं कुणी आहे का, ते शोधा आणि प्रवेशाचा फॉर्म भरताना त्याच्या शेजारी बसा. तुमची एक दुपार जाईल. त्याची चार वर्षं वाचतील.